रक्तातली खोट आणि एका अक्षराची चूक

"आमच्या रगतातच खोट हाय का जी, गुरुजी?"

लाखांदूर तालुक्यातल्या आपल्याच वस्तीतल्या एका आईने मला हा प्रश्न विचारला, त्याला आता काही वर्षे झाली. तिची धाकटी मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. रोवणीच्या दिवसांत ती आईसोबत बांधीत उतरली, दिवसभर पावसात आणि चिखलपाण्यात राहिली. त्या रात्री तिच्या हातापायांची हाडे अशी दुखू लागली की घरात कोणाचा डोळा लागला नाही. आधी वात म्हणून तेल चोळले गेले. मग, धम्मदीक्षा घेतलेल्या घरात होऊ नये ते झाले, बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला गेला. शेवटी रक्त तपासले तेव्हा कागदावर 'एस.एस. पॅटर्न' अशी अक्षरे आली. पुढच्या पंधरा दिवसांत थोरल्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. निरोप आणणाऱ्याने एवढेच सांगितले, "त्या घरच्या रक्तात आहे म्हणतात."

मी विज्ञान शिकवणारा माणूस. त्या माउलीला मी चटकन 'नाही' म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. ते पुरे करावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

'रक्तातली खोट' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. या देशात माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवली गेली, आणि जन्माचा पुरावा म्हणून नेहमी रक्ताकडे बोट दाखवले गेले. आज उघडपणे तसे बोलायची सोय राहिली नाही, म्हणून भाषा बदलली आहे. 'शेवटी सगळे जीन्समध्येच असते' हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. हुशारी जीन्समध्ये, आळस जीन्समध्ये, व्यापार जीन्समध्ये. पूर्वी ज्याला पूर्वकर्म म्हणत, त्यालाच आता विज्ञानाचे कपडे चढवले जात आहेत. अशा वेळी जनुक म्हणजे नेमके काय, ते काय करते आणि काय करू शकत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असणे गरजेचे आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण शोधायला नको. आपल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल हा आजार जनुक आणि प्रथिन यांचे नाते जितके स्पष्ट दाखवतो, तितके क्वचितच दुसरे काही दाखवते.

प्रथिन म्हटले की आपल्याला अंडी आठवतात, लाखोळीची डाळ आठवते. पण प्रथिन ही फक्त खाण्याची वस्तू नाही. शरीरातली बहुतेक सगळी कामे प्रथिनेच करतात. अन्न पचवणारी, स्नायू आकसवणारी, रोगजंतूंशी लढणारी, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी, अशी ती हजारो प्रकारची आहेत. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या लहान कड्यांची साखळी. कड्यांचे प्रकार मुख्यतः वीसच आहेत. कोणत्या क्रमाने कोणती कडी येते यावरून साखळी कशी वळणार, कशी घडी घेणार आणि काय काम करणार हे ठरते. आपण लाखोळीची डाळ खातो तेव्हा तिच्यातल्या साखळ्या पोटात तुटून कड्या सुट्या होतात. त्याच कड्या घेऊन शरीर आपल्या स्वतःच्या साखळ्या नव्याने गुंफते. हा क्रम शरीराला जनुकांकडून कळतो.

आपल्या पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए. नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर आहे. या मजकुराचा एक उतारा, ज्यात एखादी साखळी गुंफण्याचा क्रम लिहिलेला असतो, म्हणजे एक जनुक. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाचा अर्थ एक अमिनो आम्ल. चार अक्षरांतून असे चौसष्ट शब्द होतात. त्यांतले एकसष्ट शब्द वीस कड्यांची नावे आहेत आणि उरलेले तीन 'इथे थांबा' असे सांगतात. हा शब्दकोश १९६६ पर्यंत पुरा उलगडला. त्या कामासाठी १९६८ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत पंजाबातल्या एका खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना होते.

मूळ मजकूर केंद्रकाबाहेर जात नाही. तहसील कचेरीत जसे मूळ दप्तर अभिलेख कक्षातच राहते आणि आपल्याला नक्कल मिळते, तसेच इथेही आहे. जनुकाची नक्कल निघते, तिला आर.एन.ए. म्हणतात. पुष्कळ जनुकांत अर्थाच्या मजकुरामध्ये निरर्थक तुकडे असतात. ते नकलेतून कापून टाकले जातात आणि उरलेले तुकडे जोडले जातात. मग ती नक्कल केंद्रकाबाहेर येते. तिथे रायबोसोम नावाचे यंत्र ती तीन-तीन अक्षरांनी वाचते आणि कडीला कडी जोडत जाते. साखळी तयार झाली की ती आपल्या कड्यांच्या स्वभावानुसार घडी घेते. पाण्याशी जमणाऱ्या कड्या साधारणपणे बाहेर राहतात, पाण्याशी न जमणाऱ्या आत दडतात. जनुक आणि प्रथिन यांचे नाते हे एवढेच आहे. जनुक सांगते तो कड्यांचा क्रम. जनुकात 'हुशार' असा शब्द नाही, 'नीच' असाही नाही. त्या शब्दकोशात वीस अमिनो आम्लांची नावे आणि एक थांबण्याची खूण यांपलीकडे काहीही नाही.

आता चूक कशी होते ते पाहू. वर्गात मी मुलांना तीन-तीन अक्षरी शब्दांचे एक वाक्य देतो:

बबन गरम वरण वरप

यात 'वरण' या शब्दाचे पहिले अक्षर बदलून 'म' केले तर काय होते?

बबन गरम मरण वरप

बारा अक्षरांतले एकच अक्षर बदलले. बाकीचे शब्द जागच्या जागी आहेत. वाचणारा अडखळत नाही, वाक्य शेवटपर्यंत वाचले जाते, पण जेवणाच्या जागी मरण येते. छापखान्यात खिळे जुळवणारे याला मुद्राराक्षस म्हणत. सिकलसेलमध्ये नेमके हेच घडते. आता दुसरी चूक पाहू. मूळ वाक्यातला एक 'ब' गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: बनग, रमव, रणव, रप. पुढचे सगळेच निरर्थक झाले. अशा प्रकारच्या चुकांनी कडी बदलत नाही, साखळी बनणेच खुंटते. थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आजार अनेक कुटुंबांत अशाच चुकांमुळे होतो.

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याचे. एका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू ठासून भरलेले असतात. एक रेणू चार साखळ्यांचा असतो: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ कड्या, बीटात १४६. अल्फाचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे, बीटाचे अकराव्यावर. १९४१ साली बीडल आणि टेटम यांनी बुरशीवर प्रयोग करून 'एक जनुक, एक विकर' असा सिद्धांत मांडला होता. हिमोग्लोबिनने त्यात दुरुस्ती केली, कारण इथे एका प्रथिनासाठी दोन वेगवेगळी जनुके लागतात. आज तर हेही कळले आहे की नक्कल वेगवेगळ्या प्रकारे कापून जोडली गेल्यास एकाच जनुकातून एकाहून अधिक प्रथिने निघतात. म्हणजे जनुक आणि प्रथिन यांचा हिशेबसुद्धा दर वेळी एकास एक नसतो. मग जनुक आणि माणूस यांचा हिशेब एकास एक कसा असेल?

बीटा साखळीचा क्रम लिहायला सुमारे साडेचारशे अक्षरे लागतात. तिच्या सहाव्या कडीसाठीचा शब्द आहे जी-ए-जी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. त्यातले मधले अक्षर बदलून जी-टी-जी झाले की सहाव्या जागी व्हॅलिन नावाची कडी बसते. ग्लुटामिक आम्लाचे पाण्याशी जमते, व्हॅलिनचे जमत नाही. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या एका खाचेत हे व्हॅलिन जाऊन अडकते. त्याला तिसरा रेणू चिकटतो, तिसऱ्याला चौथा. पाहता पाहता पेशीच्या आत ताठ दोर तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी ताणून धान कापायच्या विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांतच मोडते, म्हणून रक्त सतत कमी राहते. त्या मुलीच्या हाडांत त्या रात्री जे झाले ते हे होते. तिथे अंगाऱ्याचे काही काम नव्हते.

हे सगळे कळायला जवळजवळ अर्धे शतक लागले. १९१० साली शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन छापले. रोगी होता ग्रेनडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रोग्यांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूच्या घडणीत आहे हे प्रथमच सिद्ध झाले. मग १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमने त्या प्रथिनाचे तुकडे करून ताडून पाहिले आणि सगळा फरक एकाच कडीत आहे हे शोधून काढले. जनुकातला बदल प्रथिनात नेमका कुठे उमटतो, हे माणसाने पहिल्यांदा पाहिले ते या आजारात.

भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात या पेशी सापडल्या. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, तेव्हा विदर्भाचा प्रश्न जगासमोर आला. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षे रक्त तपासले. त्या कामासाठी २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. बीटा साखळीची जनुके प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. दोन्ही नीट असतील तर तो ए.ए. एक नीट आणि एक चुकीचे असेल तर तो ए.एस., म्हणजे वाहक. दोन्ही चुकीची असतील तर एस.एस., म्हणजे आजार. वाहकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि नीट असलेले अधिक असते, म्हणून रोजच्या जगण्यात दोर बनत नाहीत. वाहक हा रोगी नाही. तो शेती करतो, मजुरी करतो, म्हातारा होतो. त्याला औषध लागत नाही.

दोघे वाहक नवराबायको असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता आजारी मुलाची, चारांत दोन वाहकाची, चारांत एक पूर्ण निर्दोष मुलाची. इथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'पहिले झाले ना आजारी, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब मी आपल्या वस्तीत ऐकला आहे. तो चुकीचा आहे. नाणे मागच्या वेळी काय पडले होते ते लक्षात ठेवत नाही. दुसरी गोष्ट अशी की एस.एस. मूल होण्यासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन चुकीची अक्षरे यावी लागतात. मूल आजारी निघाले म्हणून सुनेला माहेरी धाडणाऱ्या घराने हे नीट समजून घ्यावे. अर्धा वाटा त्यांच्या मुलाचाच असतो.

मग एस.एस. असलेली सगळी माणसे सारखीच आजारी असतात का? नाही, आणि जनुकवाद्यांनी नेमके इथे थांबून ऐकले पाहिजे. अक्षर तेच, कडी तीच, तरी एकाला महिन्यातून दोनदा दवाखाना आणि दुसऱ्याला वर्षात एकदाही नाही, असे होते. याचे एक कारण शरीरातच आहे. आईच्या पोटात असताना आपल्याकडे बीटाऐवजी गॅमा साखळीचे, गर्भातले हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ते कमी होत जाते. ज्यांच्यात ते मोठेपणीही बऱ्यापैकी उरते, त्यांच्या पेशींत दोर सहज बनत नाहीत. भारतातल्या रोग्यांत ते सरासरीने आफ्रिकेतल्या रोग्यांपेक्षा जास्त आढळते, तरी विदर्भात तीव्र आजाराचे रोगीही पुष्कळ आहेत. दुसरी कारणे शरीराबाहेर आहेत. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम यांनी कळा सुरू होतात. आता सांगा, पावसात चिखलात दिवसभर वाकून रोवणी कोणी करायची, हे कोणत्या जनुकात लिहिले आहे? उन्हाळ्यात भट्टीवर विटा कोणी वाहायच्या, हे कोणत्या गुणसूत्रावर आहे? लाखांदूरहून नागपूर शंभर किलोमीटरहून दूर. अर्ध्या रात्री कळा सुरू झालेल्या मुलीला तिथे न्यायला गाडीभाडे हातात नसणे, हे आईकडून आले की बापाकडून?

जनुकापासून प्रथिनापर्यंतचा रस्ता अक्षराअक्षराने ठरलेला आहे. प्रथिनापासून माणसाच्या आयुष्यापर्यंतच्या रस्त्यात मात्र अन्न, पाणी, मजुरी, दवाखाना आणि समाज उभे असतात. पहिला रस्ता निसर्गाने बांधला. दुसरा आपण बांधला आहे, म्हणून तो आपण मोडून नव्याने बांधू शकतो.

कोणी म्हणेल, मग हा आजार बौद्धांत आणि आदिवासींतच का जास्त? याचे उत्तर जातीत नाही, डासात आहे. १९५४ साली अॅलिसनने पूर्व आफ्रिकेत दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. जिथे हिवताप माणसे मारत होता तिथे वाहक मुले अधिक जगली आणि हे अक्षर टिकले. म्हणून ते पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसच्या काही भागांत आहे, आणि तलावांच्या, जंगलांच्या, हिवतापाच्या आपल्या झाडीपट्टीत आहे. ग्रीसमधला गोरा रोगी कोणत्या जातीचा म्हणायचा? आपल्याकडेही हे अक्षर फक्त एका समाजात नाही. गोंड, माडिया, परधान, हलबा यांच्यात आहे, बौद्धांत आहे, कुणबी आणि तेली घरांतही सापडते. ते काही समाजांत अधिक साठून राहिले, कारण जातीबाहेर लग्न करायची बंदी होती.

जातीच्या भिंतीने रक्त शुद्ध राहते असे सांगितले गेले. प्रत्यक्षात भिंतीने प्रत्येक आवारातल्या चुका त्याच आवारात कोंडल्या. सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे प्रमाण जास्त आहे. आर्य वैश्य समाजात एका विकराच्या कमतरतेमुळे काही जणांवर भुलीच्या विशिष्ट औषधाचा परिणाम धोकादायक रीतीने लांबतो. पारशी समाजात जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता अधिक आढळते. त्यांना कोणी 'रक्तातली खोट' म्हणत नाही, आणि म्हणूही नये. प्रत्येक माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांत मुद्राराक्षस आहेत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ सालच्या अभ्यासाने तर असे दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले जवळजवळ सगळे लोकसमूह एकमेकांत मिसळले होते. पोटजातीच्या आत कोंडून घेणे त्यानंतरचे आहे.

बाबासाहेबांनी हे जनुकांच्या आधीच ओळखले होते. १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले. १९३६ मध्ये जात म्हणजे वंशशुद्धीची व्यवस्था हा युक्तिवाद त्यांनी खोडून काढला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकांच्या मोजमापांचे त्या काळचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत असा निष्कर्ष काढला. शत्रूचीच मोजपट्टी घेऊन त्यांनी शत्रूचे गणित चुकवले. ज्या भंडाऱ्यातून १९५४ साली ते पोटनिवडणूक लढले, त्या भंडाऱ्यात आज आपण 'त्या घरच्या रक्तात आहे' म्हणून सोयरिकी मोडत असू, तर आपण त्यांचे काय वाचले?

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. तिथे अनेक वर्षे सिकलसेलला 'काळ्यांचे रक्त' म्हटले गेले. गोऱ्या रोग्यात तो सापडला तर त्याच्या पूर्वजांत काळा कोण होता याचा शोध होई. १९७१ साली ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यावस्त्यांत मोफत सिकलसेल तपासणी सुरू केली आणि सरकारच्या दुर्लक्षावर बोट ठेवले. १९७२ साली तिथे या आजाराविषयीचा कायदा झाला. पण काही राज्यांनी लोकांना न समजावता तपासणीची सक्ती केली, आणि वाहक असलेल्या धडधाकट माणसांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांची आग घेतली. त्यांचे हे वस्तीतले रक्ततपासणीचे काम घ्यायचे राहून गेले. आता ते घेताना त्यांचा अनुभवही घ्यावा: आधी समजावणे, मग तपासणे, आणि निकाल ज्याचा त्यालाच सांगणे.

करायचे काय ते थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. महाराष्ट्र त्यात आहे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. गावात पथक आले की तपासून घ्यावे. पहिल्या चाचणीत रक्त एका द्रावणात टाकतात आणि ते गढूळ होते का पाहतात. त्यावरून फक्त एस आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रोगी हे दुसऱ्या चाचणीनेच ठरते, म्हणून पहिल्या कागदावर घाबरून जाऊ नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही पहिली चाचणी फसवू शकते. लग्नाआधी पत्रिका पाहणाऱ्या घरांनी ती फाडून टाकावी आणि दोघांचे रक्त तपासावे. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल तर त्यांना सिकलसेलचे आजारी मूल होत नाही. म्हणून वाहक मुलीची सोयरीक मोडणे हा अडाणीपणा आहे. मात्र दुसऱ्याचे रक्त तपासताना थॅलेसेमियाचाही तपास करावा, कारण ती चूक आणि ही चूक एकत्र आली तरी मूल आजारी होते. दोघे वाहक असतील आणि लग्न झालेलेच असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. निर्णय त्या जोडप्याचा, त्यातही त्या बाईचा.

आजार असेल त्याने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, फॉलिक आम्ल घ्यावे. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस द्यावी. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, कळा कमी करते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी लागते. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. तो चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही, झोपी गेलेले गॅमाचे जनुक जागे करतो. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरवली गेली. विज्ञान पोचले, पण कोणाच्या दारापर्यंत?

२०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र मिळते. पण त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात सरकारी नोकऱ्यांतले जे आरक्षण आहे, त्यात रक्ताचे आजार नाहीत. कळांनी वर्षातले कित्येक दिवस वाया जाणाऱ्या आपल्या मुलांनी शिकून करायचे काय? ही मागणी लावून धरणे चळवळीचे काम आहे. डॉक्टर ती करणार नाहीत.

त्या आईला आज मी असे सांगेन: बाई, तुझ्या रक्तात खोट नाही. तीनशे कोटी अक्षरांत एक अक्षर चुकले आहे. ते कधीकाळी हिवतापातून तुझ्या आज्या-पणज्यांना वाचवत आले. ते तुझ्याकडून जितके आले तितकेच तुझ्या नवऱ्याकडून आले. त्यात तुमच्या दोघांचा काही अपराध नाही. तुझी धाकटी औषध घेऊन शिकेल. थोरलीचे रक्त तपास. ती वाहक निघाली तरी तिच्यात काही कमी नाही. आणि ज्या घराने निरोप पाठवला, त्यांनाही त्यांचे रक्त तपासायला सांग. ते अक्षर त्यांच्याकडेही असू शकेल.